मदत हवी आहे: लोहाच्या आयनाचं उत्प्रेरक चक्र खरंच फिरतंय, हे सिद्ध कसं करू?

नमस्कार. मी वायुरूप अवस्थेतल्या धातू-आयनांच्या उत्प्रेरक अभिक्रियांवर काम करते आहे आणि गेले तीन आठवडे एकाच जागी अडकले आहे. इथे मास स्पेक्ट्रोमेट्रीवर (आयन वस्तुमानावरून ओळखायच्या तंत्रावर) हात बसलेले बरेच जण आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

प्रयोग जुनाच आहे. लोखंडाच्या पत्र्यावर लेसर मारून आयन काढायचे, आयन ट्रॅपमध्ये (आयन अडकवून ठेवणाऱ्या उपकरणात) ५६ वस्तुमानाचे, म्हणजे लोहाचे, तेवढे ठेवायचे, बाकीचे हाकलायचे. नायट्रस ऑक्साइड सोडला की आयन त्याचा ऑक्सिजन उचलतो आणि पीक (त्या वस्तुमानाचे आयन दाखवणारा स्क्रीनवरचा उंचवटा) ५६ वरून ७२ वर जातं. कार्बन मोनॉक्साइड सोडला की तो हा ऑक्सिजन काढून घेतो, त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि आयन परत ५६ वर येतो, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला मोकळा. कॅप्स आणि स्टेली या संशोधकांनी १९८१ मध्ये हेच चक्र दाखवलं होतं. मला आधी हे नीट जमवायचंय, मग प्लॅटिनमच्या क्लस्टरकडे (काही अणूंच्या पुंजक्यांकडे) वळायचंय.

पहिली अडचण: फक्त नायट्रस ऑक्साइड असताना ५६ च्या घटीचा लॉग आलेख सरळ यायला हवा, कारण आयनांच्या मानाने वायू अमाप आहे. पण सुरुवातीला रेष झपकन खाली येते आणि मग कुठे सरळ होते.

दुसरी आणि मोठी: दोन्ही वायू एकत्र सोडले की ७२ थोडं वर येतं आणि मग दोन्ही पीक जागच्या जागी थांबतात. यालाच चक्र म्हणायचं का? थोडे आयन सुरुवातीलाच ऑक्सिजन घेऊन बसले आणि पुढे काहीच घडलं नाही, तरी चित्र असंच दिसेल ना? उरलेला वायू तपासावा तर नायट्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड दोन्ही २८, नायट्रस ऑक्साइड आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही ४४!

शिवाय ९० वर एक पीक हळूहळू वाढत जातं. ते कशाचं असावं?

प्रतिसाद १

आलेख वाकतो तो तापलेल्या आयनांमुळे असणार. लेसरने उडवलेल्या लोह-आयनांपैकी बरेच उत्तेजित अवस्थेत असतात. लोहाची पहिली उत्तेजित अवस्था मूळ अवस्थेपासून पाव इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आतच आहे, आणि तिचा स्पिन (इलेक्ट्रॉनांच्या फिरकीची मांडणी) वेगळा असल्याने अभिक्रियेचा वेगही वेगळा पडतो. नायट्रस ऑक्साइड सोडण्याआधी आर्गॉन किंवा हेलियमच्या भरपूर टकरा होऊ द्या. मूळ अवस्थेतला लोह-आयन या वायूपुढे तसा मंदच आहे, शंभर टकरींतल्या मोजक्याच फळतात. त्यामुळे दाब १०⁻⁷ मिलिबारच्या आसपास असेल तर दहा-वीस सेकंद थांबायची तयारी ठेवा.

चक्राचा पुरावा ट्रॅपमध्येच मिळेल. दोन्ही वायू तसेच ठेवून एकदा निव्वळ ५६ पासून सुरुवात करा, एकदा निव्वळ ७२ पासून. दोन्हीकडून निघून ७२ आणि ५६ यांचं गुणोत्तर एकाच आकड्यावर थांबलं, तर दोन्ही पायऱ्या सतत चालू आहेत. मग मध्येच ७२ बाहेर फेका आणि ते परत उगवतं का बघा. नायट्रस ऑक्साइड दुप्पट केला की ७२ आणि ५६ यांचं गुणोत्तरही दुप्पट व्हायला हवं.

कार्बन डायऑक्साइड पकडायच्या मागे लागू नका, इतक्या थोड्या आयनांतून तो मोजण्याइतका निघणारच नाही. लोहाचा आयन ऑक्सिजनला साधारण ३३५ किलोज्यूल प्रति मोल इतक्या ताकदीने धरतो. खोलीच्या तापमानाला तो आपोआप सुटत नाही. कार्बन मोनॉक्साइडला मात्र ऑक्सिजन मिळाला की ५३२ किलोज्यूल सुटतात, म्हणून तो ओढून नेऊ शकतो. फक्त कार्बन मोनॉक्साइड बंद ठेवून ७२ तेवढाच वेळ थांबवून बघा. तरीही ५६ दिसलं, तर वेगळं काढताना आयन तापताहेत.

प्रतिसाद २

९० म्हणजे ७२ अधिक १८, नळीतलं पाणी! थोडं जड पाणी (हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम असलेलं, वस्तुमान २०) सोडून बघा, पीक ९२ वर सरकलं की शंका मिटली. वायूची नळी रात्रभर तापवून पंपावर ठेवा. हे पीक किरकोळ समजू नका. एक आयन किती फेऱ्या मारतो हे त्यावरच ठरतं, कारण पाणी चिकटलेला आयन चक्रातून बाद होतो.

आणि एकदम प्लॅटिनमकडे नको. त्याची १९४, १९५, १९६ ही तिन्ही समस्थानिकं भरपूर, १९८ ही आहेच. चार अणूंच्या क्लस्टरचा पट्टा इतका पसरतो की एक ऑक्सिजन चिकटलेल्या क्लस्टरच्या पट्ट्याला जाऊन भिडतो. ऱ्होडियम फक्त १०३, सोनं फक्त १९७. त्यांच्यावर हात बसवा, पीक ओळखणं खूप सोपं जाईल.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार! आर्गॉनचा झोत दिल्यावर रेष सरळ आली. काल ७२ पासून सुरुवात केली आणि गुणोत्तर ५६ पासून निघालेल्या आकड्याशी जुळलं. ७२ फेकून दिलं तर तेही परत आलं, स्क्रीनवर ते वर येताना बघून इतका आनंद झाला की तोच प्रयोग लगेच आणखी चार वेळा केला. ९० मात्र अजून आहे, निम्म्यावर आलंय. नळी पुन्हा तापवायला लावली आहे. ऱ्होडियमचा पत्रा वापरताना लेसरची ऊर्जा किती ठेवता, तेवढं कुणी सांगाल का?