गिझर मोठा घेण्याआधी बोअरचे पाणी पाहा

सात माणसांच्या घरात मोठा गिझर घेतला की सकाळ निभते, असे काही जण म्हणतात; ते मला अर्धेच पटते, कारण मराठवाड्यातल्या बोअरच्या क्षारांचा विचार त्यात नाही. हिशेबच करायचा तर २ किलोवॉटच्या कॉइलला १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला साधारण १८ मिनिटे लागतात आणि त्यात विसावण घालून दोन बादल्या होतात. म्हणजे लहान गिझरवरही तासाभरात सगळ्यांच्या आंघोळी उरकतात.

मात्र तापलेल्या कॉइलवर क्षार थर धरतात आणि ती आतल्या आत तापून जळते. लातूरच्या आमच्या घरी ऐन दिवाळीत हे घडले. मिस्त्रीने काढलेल्या कॉइलवर अंड्याच्या कवचासारखे पांढरे पापुद्रे होते, टाकीच्या तळाशी ओंजळभर चुरा. तेव्हापासून दर वर्षी नवरात्राआधी आम्ही कॉइल साफ करून घेतो.