शांतता ऐकू आली असा कुठला सिनेमा अलीकडे बघितलात?

मधली रांग
परवा 'साबर बोंडं' बघितला आणि तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये. वडील गेलेत, दहा दिवसांच्या सुतकासाठी आनंद गावी येतो, आई आहे, नातेवाईकांचे लग्नाबद्दलचे प्रश्न आहेत आणि लहानपणीचा मित्र बाळ्या आहे. एवढंच. पण अर्ध्याच्या पुढे गेल्यावर लक्षात आलं की यात पार्श्वसंगीत नाहीच! कुणाचा बांध फुटतोय असं वाटलं की आता व्हायोलिन वाजणार म्हणून आपण तयार होतो आणि ते वाजतच नाही, मग त्या माणसाकडे नुसतं बघत बसावं लागतं. जयश्री जगतापांनी आई काय केलीये, मुलाला सगळं कळलंय आणि तरी उगाच बोलत नाही अशी आई. रोहन कानवडेंचा हा पहिलाच मोठा चित्रपट, २०२५ च्या सनडान्स महोत्सवात ग्रँड ज्युरी पुरस्कार मिळाला त्याला.

आणि बघता बघता मला 'सैराट'चा शेवट आठवला. २०१६, थेटर खच्चून भरलेलं, मध्यंतरापर्यंत शिट्ट्यांनी काही ऐकू येत नव्हतं. शेवटी ते लहान मूल आत जातं आणि आवाजच बंद होतो... दिवे लागले तरी कुणी उठेना. शेजारी एक अनोळखी काकू होत्या, त्यांनी माझा हात घट्ट धरला होता, कधी धरला ते ना त्यांना कळलं ना मला. आम्ही एकमेकींशी एक शब्द न बोलता बाहेर पडलो.

तर लिहा, अलीकडे काय बघितलंत ज्यात न बोललेलं जास्त ऐकू आलं. जुन्या सिनेमांचे शेवट सांगितले तरी चालतील, नव्यांचे नको प्लीज.

रात्रपाळी
परफेक्ट डेज. विम वेंडर्सचा, २०२३ चा. ड्यूटीवरून आल्यावर झोपायच्या आधी थोडा थोडा करत बघितला आणि तो सिनेमा तसाच बघायचा असतो असं माझं ठाम मत झालंय. टोकियोतली सार्वजनिक संडास साफ करणारा हिरायामा, पहाटे बाहेर कुणीतरी झाडू मारतंय त्या आवाजाने उठतो, गजरबिजर नाही. मग दात घासणं, झाडांना पाणी, गाडीत कॅसेट. पहिला बराच वेळ हा माणूस जवळजवळ बोलतच नाही आणि तरी मला तो कोण आहे ते कळलं होतं. कोजी याकुशोला कान महोत्सवात अभिनेत्याचं बक्षीस मिळालं ते त्या शेवटच्या चेहऱ्यासाठीच दिलं असणार. गाडी चालवतोय, हसतोय, डोळे भरलेत, परत हसतोय, कॅमेरा हलत नाही. मी माझं काम असं मन लावून करतो का हा विचार करत झोपलो आणि फार चांगली झोप लागली.

चष्मेवाली
@रात्रपाळी दादा, दिवसा झोप कशी येते तुम्हाला? माझ्या नवऱ्याची पण रात्रपाळी आहे, खालच्या मजल्यावर फरशीचं काम चालूये, बिचारा उशीखाली डोकं घालून पडतो

रात्रपाळी
@चष्मेवाली जाड पडदे लावा आणि पंखा मोठ्यावर ठेवा. पंख्याचा एकसारखा आवाज असला की बाकीचं ऐकू येत नाही. आणि झोपायच्या आधी मोबाइल नको म्हणावं, मी मात्र परफेक्ट डेज मोबाइलवरच बघितला :)

उशिरा आलेला
झोपेवरून 'पुष्पक' आठवला नाही का कुणालाच!! १९८७ चा, कमल हासन, अख्ख्या सिनेमात एकही संवाद नाही. हा थेटरशेजारी राहत असतो, पडद्यावरच्या मारामारीचे आवाज ऐकत झोपायची सवय. मग भारी हॉटेलात राहायला मिळतं आणि शांततेत झोपच येईना, तर पठ्ठ्या परत जाऊन तो गोंगाट टेप करून आणतो आणि तो लावून झोपतो. मागच्या रविवारी मुलांना दाखवला. सुरुवातीला "बाबा आवाज बंद आहे का" असं चाललेलं, नंतर तीच एकमेकांना गप्प करत होती. बोलणंच नाही म्हटल्यावर मान वळवून फोन बघता येत नाही, पडद्याकडेच बघावं लागतं, हे फार आवडलं मला. रात्री अंथरुणात दोघं हातवारे करून भांडत होती.

तंबोरा
मी खूप वर्षं गाणं शिकले, नंतर सुटलं, त्यामुळे 'द डिसायपल' इतकी वर्षं मुद्दाम टाळत होते. गेल्या आठवड्यात सगळे बाहेर गेले तेव्हा बघितला. गाणं शिकणारा शरद रात्रीच्या रिकाम्या रस्त्यावरून मोटरसायकलवर चाललाय, कानात गुरुजींच्या गुरू माईंची व्याख्यानं, मागे तंबोरा. त्या माई पडद्यावर कधी दिसत नाहीत, तो आवाज दिग्दर्शिका सुमित्रा भावेंचा आहे हे मला नंतर कळलं आणि अंगावर काटा आला. चैतन्य ताम्हाणेने आदित्य मोडकला घेतलं हे फार बरं केलं, तो स्वतः गाणारा आहे त्यामुळे जिथे सूर लागत नाही तिथेही खोटं वाटत नाही. 'नाही लागत' हे कळणं ही काय यातना असते ते गाणाऱ्यालाच माहीत. गाताना तो मनातून कुठेतरी भरकटलाय हे गुरुजींना नुसतं ऐकून कळतं. माझ्या बाईंना पण कळायचं. त्या काही म्हणायच्या नाहीत, फक्त तंबोरा परत जुळवायला घ्यायच्या.

व्हेनिसला पटकथेचा पुरस्कार मिळाला होता, २०२० ला. पण पुरस्कार राहू द्या, कुणी गाणं सोडलेलं असेल तर एकट्याने बघा.

मधली रांग
@तंबोरा ताई परत सुरू करा ना. खरंच सांगते. घरच्या घरी तरी.

तंबोरा
@मधली रांग बघू गं. तंबोऱ्याच्या तारा बदलायला दिल्यात काल.

ढोल ताशा
सगळ्यांचा आदर ठेवून वेगळं मत मांडतो. मला हे हळू सिनेमे जमत नाहीत. दिवसभर कामावर डोकं शिणतं, संध्याकाळी मला मोठा पडदा आणि मोठा आवाज लागतो. दशावतार बघितला थेटरात. दिलीप प्रभावळकर १९४४ चा जन्म म्हणजे ऐंशीच्या पुढचा माणूस आणि काय ताकदीने उभा राहतो! तुमच्या साबर बोंडंच्या आदल्याच आठवड्यात लागला होता. माझ्या पुढच्या रांगेतले एक आजोबा, त्यांच्याच वयाचे असतील, प्रत्येक रूपाला टाळ्या वाजवत होते आणि त्यांची नात त्यांच्याकडेच बघत बसलेली. मला सिनेमा म्हणजे हेच वाटतं, माणसं एकत्र ओरडली पाहिजेत

मधली रांग
@ढोल ताशा अहो वेगळं कुठे, दोन्ही पाहिजे. सैराटची ती शांतता आधीच्या शिट्ट्यांमुळेच तर एवढी लागली.

ढोल ताशा
हे पटलं

पायरीवर
'अस्तु'. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर. सासूबाई आमच्याकडे आहेत, गेली काही वर्षं त्यांना विसरण्याचा आजार आहे, त्यामुळे नणंदेने सुचवला तेव्हा मी चिडलेच होते की आता करमणूक म्हणून पण हेच बघायचं का. पण बघितला. मोहन आगाशे संस्कृतचे मोठे पंडित, चक्रपाणी शास्त्री. मुलगी त्यांना गाडीत बसवून दुकानात जाते आणि तेवढ्यात ते उतरून एका हत्तीच्या मागे चालायला लागतात. सगळं आयुष्य शब्दांत गेलेल्या माणसाचे शब्दच गेलेत. आणि त्या माहुताची बायको, अमृता सुभाष (राष्ट्रीय पुरस्कार आहे तिला या भूमिकेसाठी), तिला हे कोण काय काही माहीत नाही, तिची भाषा वेगळी, ती सरळ त्यांना लेकरासारखं सांभाळायला लागते. ती त्यांना आठवण करून द्यायला जात नाही.

आम्ही घरात सगळे दिवसभर तेच करतो, "आई मी कोण, सांगा बरं", "आज वार कुठला". त्यांना उत्तर येत नाही आणि चेहरा एवढासा होतो. सिनेमा बघितल्यावर नवऱ्याशी बोलले, आता आम्ही विचारत नाही, नुसतं शेजारी बसून कपड्यांच्या घड्या घालतो, त्या पण घालतात. एकच घडी परत परत मोडून घालतात. चालतं. त्या उठल्या बहुतेक, येते मी

चष्मेवाली
@पायरीवर ताई, तुम्ही स्वतःकडे पण बघा हो. माझी आई आजीचं करता करता खंगली होती. दिवसातला थोडा वेळ तरी दुसऱ्या कुणाला बसवा त्यांच्याजवळ.

उशिरा आलेला
आगाशे मुळात मानसोपचारतज्ज्ञ आहेत, त्यामुळे त्या नजरेत जे हरवलेपण आणलंय ते जवळून बघून आलेलं असावं असं मला नेहमी वाटतं. @पायरीवर तुम्हाला आणि सासूबाईंना नमस्कार.

डावा कान
साउंड ऑफ मेटल बघितलाय का कुणी? रिझ अहमद ड्रम वाजवणारा, एकाएकी ऐकू येणं जातं. मधेच आपल्याला त्याच्या कानातून ऐकवतात, म्हणजे भांड्यात डोकं घातल्यासारखं घुमणारं काहीतरी. ऑस्करला ध्वनीचं बक्षीस मिळालं ते मिळायलाच पाहिजे होतं. माझ्या वडिलांना श्रवणयंत्र घेतलं तेव्हापासून आमची रोज भांडणं, एवढं महागाचं आणलं आणि हे काढून खिशात ठेवतात. सिनेमात त्याला नंतर मशिनमधून सगळं पत्र्यासारखं कर्कश ऐकू येतं तो भाग बघून मी वडिलांना विचारलं, तुम्हाला नेमकं काय ऐकू येतं? एवढ्या दिवसांत पहिल्यांदा विचारलं कुणीतरी. म्हणाले, माणसं बोलतात ते बरं येतं, पण खुर्ची सरकली, नळ सोडला की डोक्यात घण बसतो.

कानाचं काम
@डावा कान या क्षेत्रात काम करते म्हणून लिहितेय. सिनेमात आहे ते कॉक्लिअर इम्प्लांट, त्यात आतल्या कानात इलेक्ट्रोड बसवून श्रवणाच्या नसेला थेट विजेचे संकेत देतात, म्हणून सुरुवातीला आवाज फार कृत्रिम वाटतो. वडिलांचं श्रवणयंत्र आवाज मोठा करून देतं. त्यात प्रत्येक पट्टीचा आवाज वेगळा कमीजास्त करता येतो, त्यामुळे नळ आणि खुर्चीबद्दल त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं तुमच्या ऑडिओलॉजिस्टला सांगा आणि सेटिंग परत करून घ्या. सुरुवातीला घरात शांत असताना थोडा थोडा वेळ लावायचं, मग वाढवायचं. मेंदूला ते आवाज परत ओळखायला वेळ लागतो. खिशात ठेवतात म्हणून रागावू नका, बहुतेक सगळे ठेवतात.

डावा कान
खूप खूप धन्यवाद ताई. हे कुणीच नीट सांगितलं नव्हतं. उद्याच फोन करतो.

वहीतली नोंद
कोर्ट परत बघितला. २०१४ चा. परत बघताना कळलं की प्रत्येक दृश्यात काम संपल्यावरही कॅमेरा तिथेच थांबतो, लोक निघून जातात, आपण खोलीत मागे राहतो. सुट्टी लागते, दिवे जातात, अंधार होतो, तेव्हा वाटतं संपला. नाही संपत. पुढे न्यायाधीशांची सहल आहे आणि मला तोच भाग सगळ्यात भयंकर वाटतो, काही घडत नाही म्हणून. वीरा साथीदार २०२१ मध्ये कोविडने गेले. ज्याच्यावर खटला चालतो त्या लोकशाहीर नारायण कांबळेच्या भूमिकेत दुसरं कुणी डोळ्यासमोर येत नाही. गीतांजली कुलकर्णीची सरकारी वकील तर कोर्टातून निघून मुलाला घेऊन घरी जाते, स्वयंपाक करते, ती वाईट बाई अजिबात नाही आणि म्हणूनच फार अस्वस्थ व्हायला होतं

बदलीवाली
किल्ला. माझा मुलगा सातवीत आहे, माझी बदली झाली, नवीन शाळेत कुणी बोलत नाही त्याच्याशी. एकत्र बघितला. पावसात मित्र सिनेमातल्या मुलाला किल्ल्यात एकट्याला सोडून जातात तिथे हा काही बोलला नाही, पण पाय माझ्या मांडीवर टाकले त्याने. आता बाकी नंतर, बाई आल्या

चष्मेवाली
मला एक नाव सांगा ना कुणीतरी. इंग्रजी आहे, एक म्हातारा गवत कापायच्या गाडीवर बसून आजारी भावाला भेटायला लांब निघतो. मोटार चालवता येत नाही म्हणून. टीव्हीवर कधीतरी शेवटचा तुकडा बघितला होता, दोघं ओट्यावर बसतात.

वहीतली नोंद
द स्ट्रेट स्टोरी, १९९९, डेव्हिड लिंच. खऱ्या माणसावरून घेतलाय, आयोवाहून विस्कॉन्सिनला गेला होता तो. रिचर्ड फार्न्सवर्थ. दोघा भावांचं वर्षानुवर्षं बोलणं बंद असतं. या धाग्यात सगळ्यात आधी हाच यायला हवा होता!

चष्मेवाली
हाच हाच!! थँक्यू. आज लावते. पण आमच्या टीव्हीवर इंग्रजी सिनेमात बोलणं पुटपुटल्यासारखं येतं आणि गाडी उडाली की शेजारी दार वाजवतात. टीव्ही नवीन आहे.

कानाचं काम
@चष्मेवाली बऱ्याचदा टीव्हीचा दोष नसतो. थेटरसाठी केलेल्या मिक्सिंगमध्ये संवाद मधल्या स्पीकरसाठी वेगळे असतात, घरी दोनच स्पीकर, त्यात ते दबतात. अ‍ॅपमध्ये ऑडिओला ५.१ असेल तर स्टिरिओ निवडा. शिवाय टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये संवाद स्पष्ट करायचा किंवा रात्रीचा मोड असतो, तो चालू करा.

उशिरा आलेला
आमच्याकडे पण हेच होतं, मी आपलं सबटायटल लावून टाकतो सगळ्याला. मराठीला पण

चष्मेवाली
स्टिरिओ केलं. फरक पडला की! नवऱ्याला सुट्टी आहे आज, दोघं बघतो. @वहीतली नोंद किती लांबीचा आहे? त्याला मधे झोप आली तर उद्यावर ठेवता येईल ना?

वहीतली नोंद
दोन तासांच्या आतच आहे. झोप आली तर खुशाल थांबवा, गाडीच एवढी हळू चाललीये की उद्या लावलात तरी म्हातारबुवा तिथेच कुठेतरी भेटतील.