घरगुती सीएचपीला सरकारी सबसिडी: मशीनवर द्यावी की युनिटवर?

डोंगरवाट:
मंडळी, एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात घोळतोय. मायक्रो सीएचपी (कम्बाइन्ड हीट अँड पॉवर, म्हणजे उष्णता नि वीज एकत्र) म्हणजे बॉयलरच्या जागी बसणारं ते छोटं यंत्र, गॅसवर वीज पण काढतं आणि त्यातून निघणाऱ्या उष्णतेवर घर नि पाणी पण तापवतं. जुन्या औष्णिक केंद्रात इंधनातली निम्म्याहून जास्त ऊर्जा नुसती बाहेर सोडून देतात, इथे ती घरातच कामाला येते, एकूण एफिशियन्सी ८५-९० टक्के सांगतात. ऐकायला भारीच आहे. मग जपान, जर्मनी, ब्रिटन तिघांनीही यावर सरकारी पैसा लावला तरी निकाल इतके वेगळे कसे? आणि समजा आज कुठल्या सरकारला सबसिडी द्यायचीच आहे, तर ती मशीनच्या किमतीवर द्यावी की तयार झालेल्या विजेच्या युनिटवर? मला युनिटवर पटतं. काम कर, मग पैसे घे. चुकत असेन तर सांगा.

हिशेबी_माणूस:
"काम कर मग पैसे घे" हे ब्रिटनने करून बघितलंय की. एप्रिल २०१० ला फीड-इन टॅरिफ (घरी तयार केलेल्या विजेला युनिटमागे ठरलेले पैसे) सुरू झालं, २ किलोवॉटपर्यंतच्या सीएचपीला युनिटमागे १० पेन्स, डिसेंबर २०१२ पासून १२.५. वर पहिल्या ३०,००० यंत्रांनाच मिळेल अशी अट घातली होती, जणू रांगच लागणार होती! आकडा त्याच्या जवळपासही फिरकला नाही आणि मार्च २०१९ अखेर योजना नव्या लोकांना बंद झाली.

का ते साध्या गुणाकारात कळतं. १ किलोवॉटचं यंत्र वर्षाला २,००० तास चाललं तर २,००० युनिट, १० पेन्सने झाले २०० पौंड, ते पण दहा वर्षं तुकड्यातुकड्याने येणार, आणि यंत्राचे पैसे मात्र आजच्या आज खिशातून जाणार, साध्या बॉयलरपेक्षा कितीतरी जास्त. थोडी वीज वाचेल ती धरा वर, तरी कोण घेणार?

जपानने उलटं केलं. २००९ मध्ये एने-फार्म (तिथलं घरगुती सीएचपी) बाजारात आलं तेव्हा किंमत ३० लाख येनच्या वर होती, सरकारने एका यंत्राला जास्तीत जास्त १४ लाख येन थेट दिले. आणि महत्त्वाचं म्हणजे पुढे दर थोड्या काळाने ती रक्कम कमी करत नेली, कंपन्यांना माहीत होतं की किंमत उतरवली नाही तर आपलंच मरण आहे. आज तिथे चार लाखांच्या वर यंत्रं आहेत. २०३० पर्यंत ५३ लाखांचं टार्गेट होतं ते मात्र हवेतच राहणार असं दिसतंय.

जुना_मेकॅनिक:
मी बरीच वर्षं ही यंत्रं सर्व्हिस केलीत म्हणून लिहितो. सबसिडीचा फॉर्म भरताना कोणी विचारत नाही की बाबा तुझ्या घराला उष्णता किती लागते? सगळं तिथेच अडतं. स्टर्लिंग इंजिनवालं (बाहेरून तापवून चालणारं पिस्टनचं इंजिन) यंत्र १ किलोवॉट वीज देतं तेव्हा साधारण ६ किलोवॉट उष्णता देतं. घर लहान असेल नाहीतर इन्सुलेशन चांगलं असेल तर ती उष्णता पाव तासात पुरते, यंत्र बंद. परत थोड्या वेळाने चालू. आणि सुरू झाल्यावर इंजिन गरम होऊन वीज धरेपर्यंतची मिनिटं फुकटच जातात.

मी गेल्यावर कव्हर उघडायच्या आधी काउंटर बघायचो, तास किती आणि स्टार्ट किती. एका घरी दिवसाला अकरा स्टार्ट निघाले. आणि दुसऱ्या एका घरी त्याच्या बरोब्बर उलट, तास मस्त भरलेले, मी खूश, मग वर गेलो तर थंडीत खिडक्या सताड उघड्या आणि थर्मोस्टॅट फुल्ल! मालक म्हणाले युनिटचे पैसे मिळतात ना. तिथेच कागदावर मांडून दाखवलं की एका युनिटच्या पैशासाठी तुम्ही जवळपास आठ युनिट गॅस जाळताय. चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला. तोंड बघण्यासारखं झालं होतं.

फ्युएल सेलचं (इंजिनाशिवाय, रासायनिक क्रियेने वीज काढणारं यंत्र) गणित वेगळं, ७०० वॉट वीज नि जवळपास १ किलोवॉट उष्णता, म्हणून लहान घरातही तास भरतात. तरी गरम पाण्याची टाकी भरली की तेही थांबणारच.

तारतम्य:
मला मुळात सबसिडीच पटत नाही. हे सगळं ग्रीड कोळशावर होतं तेव्हा ठीक होतं. ग्रीडमध्ये जसजसं वारा-सौर वाढतं तसतशी घरात गॅस जाळून काढलेली वीज तुलनेत घाणेरडी ठरते, शिवाय हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता विजेवर घरात ओढणारं यंत्र) एका युनिटात तीन युनिट उष्णता देतो. जर्मनीने २०१६ मध्ये फ्युएल सेलला ५,७०० युरो आणि वर दर १०० वॉटला ४५० युरो लावले, खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत. फ्युएल सेल नाव ऐकून लोकांना हायड्रोजन वाटतो, आत जातो तो नैसर्गिक गॅसच.

आणि पैसा कोणाचा? युनिटवरची सबसिडी बहुतेक ठिकाणी सगळ्यांच्या वीजबिलातून वसूल होते. म्हणजे भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याने भरायचं आणि स्वतःचं घर नि तळघर असणाऱ्याने घ्यायचं. आयजीच्या जीवावर बायजी उदार.

हिशेबी_माणूस:
@तारतम्य बिलाचा मुद्दा मान्य, शंभर टक्के. पण कडाक्याच्या थंडीत संध्याकाळी सगळे हीट पंप एकदम सुरू होतात तेव्हा सौर शून्य असतं, आणि सीएचपी नेमकं तेव्हाच वीज देत असतं. द्यायचेच तर त्या तासांचे पैसे द्या, वर्षभर सरसकट नको.

डोंगरवाट:
बरं, माझं युनिटचं म्हणणं मागे घेतो 😅 @जुना_मेकॅनिक एक शेवटचं, लाईट गेली तर हे चालतं का? म्हणजे तेवढ्यासाठी तरी कोणी घेईल.

जुना_मेकॅनिक:
बहुतेक नाही. ग्रीड गेलं की यंत्र आपोआप बंद होतं, नाहीतर लाइनवर चढलेल्या माणसाला शॉक बसेल. जपानात २०११ च्या भूकंपानंतर लाईट गेल्यावरही चालणारी मॉडेलं आली, पण त्यातल्याही बहुतेकांमध्ये लाईट जाताना यंत्र आधीच चालू पाहिजे. बंद पडलेलं असताना लाईट गेली तर ग्रीड परत येईपर्यंत वाट बघा.