चर्चा : सरकारी टेंडरसाठी छोट्या उद्योजकाला खरंच मदत मिळते का?

शेंद्र्याचा फॅब्रिकेटर
आमच्याकडं अधूनमधून जेमचं, म्हणजे सरकारी खात्यांच्या ऑनलाइन खरेदी पोर्टलचं शिबिर होतं. नोंदणी कशी करायची, कॅटलॉग कसा चढवायचा, सगळं शिकवतात. बिल अडकलं तर काय करायचं, ते मात्र कुणी बोलत नाही. टेंडर फी माफ, अनामत माफ, हे कबूल. पण काम मिळालं की सुरक्षा ठेव भरा, पत्रा-पाइप रोखीनं उचला, पोरांचा पगार वेळेवर द्या. मी शाळेचे डेस्क-बेंच दिले. गाडी उतरली, चलनावर शिक्का बसला. पण तपासणी अहवालावर सही होईना, ‘साहेब मीटिंगला गेलेत.’ गाठीला पैसा असेल त्यानंच यात पडावं.

जालनेकर
दादा, राग बरोबर आहे, निष्कर्ष नाही. एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म-लघु-मध्यम उद्योगांचा कायदा २००६ चा आहे. ४५ दिवसांच्या पुढं पैसे थकले तर बँक दराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज लागतं, मग खरेदीदार सरकारी असो की खासगी. थकीत बिलांच्या सरकारी पोर्टलवर अर्ज केला का? तो फॅसिलिटेशन कौन्सिलकडं, म्हणजे थकीत पैशांचे वाद सोडवणाऱ्या सरकारी मंडळाकडं जातो. निकाल आपल्या बाजूनं लागला आणि समोरच्याला कोर्टात जायचं असेल, तर आधी ७५ टक्के रक्कम जमा करावी लागते. एवढं हत्यार हातात असून आपण साहेबाच्या केबिनबाहेर उभे!

शेंद्र्याचा फॅब्रिकेटर
अर्ज केला की पुढच्या टेंडरला तेच साहेब. तुम्ही कराल?

लातूरचा पुरवठादार
हाच तर वांधा आहे. कागदावर ९० दिवसांत निकाल, प्रत्यक्षात तारखा पडत राहतात.

नांदेडची ताई
माझं मत जालनेकरांकडं झुकतं. आमचं गणवेश शिवण्याचं युनिट आहे. केंद्राच्या २०१२ च्या धोरणात सूक्ष्म-लघु उद्योगांकडून २५ टक्के खरेदी, त्यात महिलांसाठी ३ टक्के. आपला दर सगळ्यात कमी नसला तरी एल-वनच्या, म्हणजे सगळ्यात कमी दरवाल्याच्या १५ टक्क्यांच्या आत असेल, तर त्या दराला उतरून ऑर्डरचा हिस्सा मिळू शकतो. किती जणांना हे माहीत आहे? उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी फुकट आहे, तरी लोक एजंटाला पैसे देतात.

लातूरचा पुरवठादार
ताई, ते धोरण केंद्राच्या खात्यांना आणि सार्वजनिक कंपन्यांना लागू. जिल्हा परिषदेची खरेदी राज्याच्या १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयानं चालते. आणि एल-वनच्या दराला उतरायचं कुणी? तो कच्चा माल ट्रकनं घेतो, आपण हातगाडीनं. शिवाय मी ट्रेडिंगवाला, माल बनवत नाही, विकतो. उद्यम असून या खरेदी सवलती मला नाहीत.

नांदेडची ताई
मान्य. म्हणून तर रेल्वे, ऑर्डनन्स (लष्करी सामानाचे कारखाने), सरकारी बँका यांच्याकडं बघा म्हणते. आपण सगळे झेडपीच्याच दारात गर्दी करतो.

जालनेकर
आणि उद्यम नोंदणी करार होण्याआधीची ठेवा, नाहीतर व्याजाच्या दाव्यात पहिला आक्षेप तोच येतो. जिल्हा उद्योग केंद्रानं शिबिरांऐवजी थकीत बिलांसाठी एक माणूस बसवला तरी पुष्कळ.

शेंद्र्याचा फॅब्रिकेटर
बसवा. पहिला अर्ज माझा. तोवर मी खासगी कामंच घेणार. तिथं निदान अर्धा ॲडव्हान्स तरी मिळतो.