लताबाईंच्या गाण्यातला सॅक्सोफोन कुणाचा?

खर्ज (धागाकर्ता)

‘आरजू’ (१९६५) मधलं ‘बेदर्दी बालमा तुझको’ कुणालाही गुणगुणायला सांगा. लताबाईंची ओळ संपली की तो माणूस मधला सॅक्सोफोनसुद्धा तोंडाने वाजवतो. तो वाजवलाय मनोहारी सिंग यांनी. तबकडीवर मात्र गायिका, संगीतकार आणि गीतकार एवढीच नावं. वादकाला शिफ्टचे, म्हणजे ठरलेल्या तासांचे, पैसे मिळाले, विषय संपला.

माझं म्हणणं सरळ आहे. जो तुकडा काढला तर गाणं ओळखू येणार नाही, त्या तुकड्याच्या वादकाचं नाव गायिकेच्या नावाखाली आलं पाहिजे आणि गाण्याच्या पुढच्या कमाईत त्याचा वाटा पाहिजे. ऑल्टो सॅक्सोफोनची पट्टी बाईच्या आवाजाच्या पट्टीवरच येते, त्यामुळे जरा दाबून फुंकलं की शब्द बुडतात. मनोहारी सिंगांची फुंक मऊ, स्वराला हलका कंप, आणि बाईंनी श्वास घेतला की तेवढ्याच फटीत शिरायचं. हे कागदावर लिहून मिळत नाही.

पाचवी रेघ

असहमत. फट कुठे आहे हे कागदावरच असतं.

‘आरजू’चे संगीतकार शंकर-जयकिशन यांच्याकडे वाद्यमेळाची मांडणी सेबॅस्टियन डिसूझा करत. गोव्याचा माणूस, स्टाफ नोटेशनमध्ये (पाच रेघांच्या पाश्चात्त्य स्वरलिपीत) मुरलेला. कामाची रीत अशी: संगीतकाराच्या सिटिंगमध्ये चाल ठरते. मग अरेंजर (ही मांडणी करणारा) इंट्रो, मधले तुकडे आणि गायिकेच्या ओळीमागे चालणारा ऑब्लिगाटो लिहितो. कॉपीस्ट पूर्ण स्कोअरमधून प्रत्येक वाद्याचा वेगळा कागद उतरवतो. व्हायोलिनवाले तो कागद स्टँडवर लावतात, तालीम होते, बॅलन्स होतो, टेक. सॅक्सोफोनची आठ मापं (बार, म्हणजे तालाचे कप्पे) असतील तर ती त्या कागदावर असतात. ती सुंदर वाजवणं ही मोठीच कला आहे, पण ती रचना नव्हे. श्रेय वाढवायचंच असेल तर आधी अरेंजरचं नाव मोठ्या अक्षरांत छापा. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन, फ्रँक फर्नांड या गोवेकरांची नावं किती मराठी घरांत ठाऊक आहेत?

ठेका

रेघवाले, तुमचं म्हणणं व्हायोलिन सेक्शनपुरतं खरं. उजव्या बाजूच्या खोलीत बसलेल्या ढोलक-तबलेवाल्यांचं काय?

त्यांच्या हातात कागदच नसायचा, किंवा असला तर मात्रा आणि ‘इथे थांबा’ एवढंच. संगीतकार तोंडाने ठेका सांगणार, पुढचं सगळं वादकाचं. मुखड्याच्या आधीची उठाण (ठेका सुरू करणारा तुकडा), अंतऱ्यातून परत येतानाची तिहाई (तीनदा वाजवून समेवर येणारा तुकडा), गायिका एखाद्या शब्दावर रेंगाळली तर डग्गा धरून ठेवणं, हे सगळं तालमीत वादकच बसवतो. ‘गाइड’ मधल्या ‘मोसे छल किये जाए’ला तबला शिवकुमार शर्मांचा आहे. हो, संतूरवाले शिवकुमार. त्या तबल्याची ‘मांडणी’ कोणत्या अरेंजरच्या नावावर टाकणार?

पाचवी रेघ

ठेका, ते मान्य. मग नियम असा करा: लिहून दिलेलं वाजवलं तर शिफ्ट, स्वतःचं घातलं तर वाटा. पण धागाकर्ते ‘गाणं ज्याने ओळखू येतं तो तुकडा’ हा निकष लावतायत, तो धोक्याचा आहे. ‘नागिन’ (१९५४) घ्या. ‘मन डोले’ बिनीवर ओळखतात, आणि बीन तिथे नाहीच. कल्याणजींनी क्लॅव्हायोलिन (इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड) वाजवलं, रवींनी हार्मोनियम, दोघांच्या मिश्रणातून ती बीन झाली. चाल हेमंतकुमारांची. मग ओळख कुणाची? वाद्याची, वादकाची, की हे मिश्रण ज्याला सुचलं त्याची?

गट्टा

दोघेही एक गोष्ट विसरताय. साथीदाराचं निम्मं काम श्रोत्याला ऐकूच येत नाही, आणि ते बहुधा गायिकेच्या पट्टीपायी वाढतं.

समजा गाणं काळी चारमध्ये (हार्मोनियमच्या चौथ्या काळ्या पट्टीला ‘सा’ धरून) बसवलंय. ऑल्टोवाल्याचा कागद एफमध्ये, कारण त्याचं वाद्य लिहिलेल्या स्वरापेक्षा खाली बोलतं. एकच कोमल खूण, बोटं मोकळी. टेकच्या दिवशी गायिका म्हणाली, अर्धा स्वर वर घेऊ. गाणं पांढरी सहामध्ये गेलं. हार्मोनियमवाल्याने बोट सरकवलं, झालं. ऑल्टोवाल्याचा कागद मात्र एफ-शार्पमध्ये गेला: सहा तीव्र खुणा, आणि नवा कागद लिहायला वेळ नाही, म्हणजे जुना समोर ठेवून मनातल्या मनात वर सरकवत वाजवायचं. बासरीवाल्याला दुसरी बासरी काढावी लागते, आणि ती पिशवीतली म्हणून गार असते. न फुंकता थेट टेकला घेतली तर पहिला तुकडा उतरलेला लागतो. तबल्याला अर्धा स्वर गट्टे (वादीखालचे लाकडी ठोकळे) ठोकून चढवता येतो, त्यापलीकडे दुसरा दाया (उजव्या हाताचा तबला). सितारवाल्याला मुख्य तारांबरोबर तरफाही (खालच्या, आपोआप घुमणाऱ्या तारा) लावाव्या लागतात, आणि ताज्या चढवलेल्या तारा पुढच्या दहा मिनिटांत परत उतरतात. संतूरला तर शंभराच्या आसपास तारा. उल्हास बापटांनी बाराही स्वर लावून ठेवायची क्रोमॅटिक पद्धत बसवली ती याच अडचणीवर. पट्टी बदलली तरी त्यांचं संतूर थांबत नसे. राहुलदेव बर्मनांच्या रेकॉर्डिंगमध्ये ही केवढी सोय असेल, विचार करा.

त्यात जुनं रेकॉर्डिंग सलग. गायिका आणि वाद्यवृंद एकाच वेळी, एकाच ट्रॅकवर. शेवटच्या कडव्यात कुणाचा एक स्वर चुकला की पुन्हा पहिल्या मापापासून. बाईंनी आधीचा टेक जीव ओतून गायलेला असतो, तो गेला. त्या दडपणाखाली न चुकण्याचे पैसे शिफ्टमध्ये येतात असं तुम्हाला वाटतं?

पाचवी रेघ

हो, वाटतं. म्हणूनच चांगल्या वादकाचा दर जास्त असतो. पट्टी सांभाळणं हे कसब आहे, कसबाला दर असतो. वाटा मालकीला असतो.

आठवा ट्रॅक

जुन्या गाण्यांवर भांडण्यात अर्थ नाही, आजचं बोला. आज वादक आणि गायिका एकमेकांना भेटतच नाहीत. त्यामुळे ‘सहयोग’ हा शब्दच मला खटकतो.

वादकाला फाइल येते. टेम्पो, पट्टी, क्लिक (लयीची टिकटिक), खाली पॅड (धरून ठेवलेले सूर) आणि एखाद्या डमी गायकाचा स्क्रॅच, म्हणजे तात्पुरता, आवाज. वादक घरी चार-पाच टेक वाजवून ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिटच्या वेव्ह फाइली परत पाठवतो, सगळ्या पहिल्या मापापासून सुरू होणाऱ्या. प्रोग्रॅमर (संगणकावर गाणं बांधणारा) त्यातून तुकडे जोडतो. बिघडतं ते इथे:

डमी पुरुष असेल तर तो एक सप्तक खाली गातो. व्हायोलिनवाल्याला मधलं सप्तक मोकळं दिसतं, तो तिथे छान ऑब्लिगाटो घालतो. महिन्याने मूळ गायिका त्याच सप्तकात गाते. दोघांची टक्कर होते. मग मिक्सिंगवाला व्हायोलिनचा दोन ते चार किलोहर्ट्‌झचा भाग कापतो, आणि वाद्य घोंगडीखाली गेल्यासारखं ऐकू येतं. डमीने ‘नि’ वर सोडलेली ओळ गायिका ‘सा’ पर्यंत मींडेने नेते. वादक तिथे आधीच ‘सा’ धरून बसलेला. चूक कुणाचीच नाही, गाणं मात्र खरचटतं.

बफर (संगणक आवाज साठवून पुढे देतो तो तुकडा) १२८ सॅम्पलवर असेल तर उशीर तीन मिलिसेकंदांच्या आत. १०२४ वर राहून गेला की एकवीसच्या वर, आणि वादक स्वतःला हेडफोनमध्ये मागे ऐकून पुढे पळायला लागतो. हळू आलापीच्या वेळी क्लिक हेडफोनमधून माइकमध्ये गळते. बंद कपांचे हेडफोन हवेत आणि क्लिकचा आवाज कमी.

आता सांगा, पाच टेकमधून प्रोग्रॅमरने जोडलेल्या तुकड्याचा कर्ता कोण?

खर्ज

स्वर ज्याने वाजवले तो. लेखकाच्या पाच मसुद्यांतून संपादकाने परिच्छेद निवडले म्हणून पुस्तक संपादकाचं होत नाही.

कलम

भावना बाजूला ठेवून कायदा पाहू, कारण नाव छापणं ही नुसती हौस नाही.

आपल्या कॉपीराइट कायद्यात सादरकर्त्याचे हक्क १९९४ च्या दुरुस्तीने आले. म्हणजे १९६५ च्या सॅक्सोफोनला त्यातून काही मिळत नाही, ‘आरजू’चा वाद त्या अर्थाने फक्त श्रेयाचा आहे. आज हे हक्क ५० वर्षांचे आहेत, आणि ‘परफॉर्मर’च्या व्याख्येत वादक स्पष्टपणे आहे. २०१२ च्या दुरुस्तीने व्यापारी वापरावर रॉयल्टीही दिली. पण त्याच दुरुस्तीत व्याख्येला एक परंतुक जोडलं: चित्रपटात ज्याचं सादरीकरण प्रासंगिक स्वरूपाचं आहे आणि व्यवसायाच्या रीतीप्रमाणे ज्याचं नाव श्रेयनामावलीत कुठेच येत नाही, तो परफॉर्मर धरला जात नाही. त्याच्याकडे उरतो फक्त आपल्या सादरीकरणाची मोडतोड अडवण्याचा हक्क.

दोन्ही अटी लागू व्हाव्या लागतात हे खरं. तरी नाव नसलं की समोरच्याला अर्धी लढाई फुकट मिळते. गायकांची संस्था २०१३ मध्ये नोंदली गेली, पुढे तिच्या नावात वादकही आले. पण वाजवल्याचा पुरावाच नसेल तर संस्था कुणाच्या खात्यात पैसे टाकणार?

पाचवी रेघ

पुरावा ठेवा, त्याला ना नाही. वाट्याचं गणित मात्र करून पाहा. अमेरिकेत डिजिटल रेडिओच्या रॉयल्टीत शंभरातले ५० ध्वनिमुद्रणाच्या मालकाला, ४५ मुख्य कलाकाराला आणि ५ बाकी सगळ्या वादक-गायकांच्या निधीला जातात. आपल्याकडे तेच लावलं आणि गाण्यात चाळीस वादक असले, तर शंभर रुपयांमागे माणशी साडेबारा पैसे. त्यापेक्षा शिफ्टचा दर दीडपट करून घ्या, रोख हातात पडेल.

ठेका

आज चाळीस वादक असतात कुठे? तीन-चार जण, बाकी सगळं सॅम्पल (आधीच मुद्रित केलेले वाद्यांचे सूर). चौघांत ५ म्हणजे माणशी सव्वा रुपया, साडेबारा पैशांच्या दहापट. आणि दर दीडपट मागायला गेलं की त्या चौघांतल्या दोघांच्या जागी सॅम्पल बसतं, हेही लिहा की.

आठवा ट्रॅक

सव्वा रुपया कुणाला द्यायचा हे ठरणार कसं? परत तोच प्रश्न. लिहून दिलेलं कोणतं आणि स्वतःचं कोणतं?

खर्ज

सेशन शीटवर (रेकॉर्डिंगच्या नोंदीच्या कागदावर) एक रकाना वाढवा. नाव, वाद्य, तारीख, कोणती मापं हे लिहितोच. त्यापुढे ‘लिहून दिलेलं / सांगितलेलं / स्वतःचं’, यातल्या एकावर खूण. वाद्य पेटीत जायच्या आत.

पाचवी रेघ

आणि खाली सही कुणाची? संगीतकार ‘स्वतःचं’वर खूण करू देईल?

कलम

नाही केली तर पहिला टेक जपून ठेवा. मिळालेली फाइल आणि पाठवलेली फाइल, दोन्ही तारखेसकट. मिळालेल्या फाइलमध्ये तो तुकडा नाही आणि पाठवलेलीत आहे, एवढं दाखवता आलं तरी बोलणी सुरू होतात.

पाचवी रेघ

फोनवर गुणगुणून सांगितलेला तुकडा कोणत्याच फाइलमध्ये नसतो, कलमसाहेब.