अर्धा किलोमीटर असला तरी रस्ता तो रस्ताच

'फार्महाऊसवरून किनारा जेमतेम अर्धा किलोमीटर, एटीव्हीला नंबरप्लेट कशाला?' असं तुम्ही वर एटीव्हीबद्दल (वाळूत, खडबडीत जमिनीवर चालवायची जाड चाकांची उघडी चारचाकी) विचारलंय, आणि विक्रेताही 'लागत नाही' म्हणाला म्हणता. कृपया त्याचं ऐकू नका. मोटार वाहन कायदा, १९८८ मधली सूट कारखान्यात किंवा बंदिस्त आवारातच वापरायच्या खास वाहनांना आहे. फाटकाबाहेर पडलात की कलम ३९ नुसार नोंदणी हवी, कलम १४६ नुसार थर्ड पार्टी विमा हवा. आणि सार्वजनिक ठिकाण म्हणजे नुसता डांबरी रस्ता नव्हे. लोकांना जायचा हक्क आहे अशी कुठलीही जागा त्यात येते. अल्पवयीन मुलाच्या हाती दिलीत तर कलम १९९अ आहेच: पालकाला २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद.

मला त्याहून जास्त काळजी वळणांची वाटते. बऱ्याच एटीव्हींना मागे डिफरन्शियल (वळताना आतल्या-बाहेरच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा) नसतो, दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरतात. वाळूत चाक जरा घसरतं म्हणून गाडी वळते. डांबरावर ते घसरत नाही. आमच्या वाडीतल्या वळणावर मावसभावाने हँडल पूर्ण वळवलं, तरी गाडी सरळच गेली, आतलं चाक वीतभर उचललं आणि ती गडग्यावर आदळली. वेग सायकलीइतकाच होता.