मदत हवी आहे : रामटेक परिसरात डोंगरवाटेने धावण्याचा मार्ग

नमस्कार. गेली दोन वर्षे मी नागपुरातील सेमिनरी हिल्स या टेकडीच्या चढावर धावण्याचा सराव करीत आहे. आता मात्र डांबर सोडून मातीच्या वाटेवर यावे, असे वाटते. नागपूरपासून सुमारे ५० किलोमीटरवर असलेल्या रामटेकला अंबाळा तलावापासून पायऱ्यांनी गडमंदिरावर चढावे, वाकाटककालीन केवल नृसिंह मंदिरापाशी क्षणभर थांबावे आणि पलीकडच्या उतारावरील झाडीतून खिंडसी तलावाकडे निघावे, असा माझा बेत आहे. मागील महिन्यात पाहणीसाठी गेलो असता झाडीतील पायवाट एका बोरीच्या काट्यांत संपली आणि वानरांनी पिशवीतील केळी नेली ती वेगळीच.

उतारावरून तलावापर्यंत सलग पायवाट आहे काय, आणि त्यातील कोणत्या भागासाठी वन विभागाची परवानगी घ्यावी लागते, हे कोणी प्रत्यक्ष धावलेल्या व्यक्तीने सांगितल्यास उपकार होतील. मनसरच्या हिडिंबा टेकडीवरील उत्खननस्थळ किंवा नगरधनचा किल्ला याच फेरीत जोडावा काय, याबाबतही मत हवे आहे. नगरधनची वाट सपाट शेतांतून जात असल्याने माझा कल मनसरकडे आहे. पावसाळ्यानंतर निसरड्या पायऱ्यांवर कोणते बूट टिकतात, तेही कळवावे.